आभाळातला ठिपका

संपादकांचा फोन आला तेव्हा मी हरिश्चंद्रगडावरचे फोटो निवडत बसले होते. कोकणकड्यावरची सकाळ. खाली दरीत पिंजलेल्या कापसासारखे ढग, वर धुतल्यासारखं आभाळ. आणि त्या आभाळात, वरच्या डाव्या अंगाला, एक करडा ठिपका. आधी वाटलं घार असेल. पुढच्या फोटोतही ती तिथंच होती. त्याच्या पुढच्यातही. सोबत्यांचे चेहरे जवळून टिपले होते त्या फोटोंत ती गायब, आणि कॅमेरा पुन्हा दरीकडे वळला की चौकटीतल्या त्याच जागी हजर.

"यंदा विशेष विभाग धुळीवर काढतोय," संपादक सांगत होते. "खाणीतली धूळ, गिरणीतली, रस्त्यावरची. तुम्ही काय द्याल?"

पडद्यावरच्या घारीकडे बघत मी म्हटलं, "कॅमेऱ्यातली."

नवरात्र संपलं की तुळशीच्या लग्नापर्यंतचे जे थोडे दिवस हाताशी असतात, त्यात घरोघरी माळे उतरवले जातात, जळमटं काढली जातात. फोटोग्राफरांचीही साफसफाई याच दिवसांत चालते. गणपती, गरबा, दसऱ्याची मिरवणूक सगळं करून कॅमेरे थकलेले असतात आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई दाराशी उभी. तेव्हा दुरुस्तीवाल्यांकडे पिशव्यांची रांग लागते. मीही माझी पिशवी उचलली आणि मुंबईची गाडी धरली.

बोरा बाजारातला दुसरा मजला

सीएसएमटीसमोरचा रस्ता ओलांडून फोर्टच्या गल्ल्यांत शिरलं की बोरा बाजार लागतो. कॅमेरे, फ्लॅश, ट्रायपॉड, जुन्या लेन्स यांची दुकानं इथं एकमेकांना चिकटून बसलेली आहेत. मला जायचं होतं ते ठिकाण दुकान नव्हे. एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना, धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन माणसं जेमतेम बसतील एवढी खोली. तिथं बसणारे काका साठी ओलांडलेले आहेत. याशिका आणि आग्फा क्लिक उघडण्यापासून त्यांनी सुरुवात केली. आता हाताखाली भाचा आहे. तो संगणक सांभाळतो.

खोलीत शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट जाणवली ती उकाडा. खिडकी बंद, पंखा बंद, एसी असून तोही बंद. फरशी नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली.

"ताई, चप्पल बाहेर. आणि ओढणी जरा आवरून बसा," काका म्हणाले. "सुती आहे ना, तंतू उडतात."

काम चालू असताना हवा हलू द्यायची नाही, हा इथला पहिला नियम. बाहेरून आणलेली धूळ फरशीवर बसलेली असते. पंख्यानं ती उठते आणि उघड्या कॅमेऱ्यात जाऊन पडते. म्हणून दर थोड्या वेळानं फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. झाडू या खोलीत येतच नाही. काकांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. लोकरीचा किंवा सिंथेटिक कपडा ते कामाला कधी घालत नाहीत, कारण त्यावर घर्षणानं वीज साठते आणि धूळ त्याला चिकटून येते.

त्यांनी माझा कॅमेरा लगेच उघडला नाही. आधी टेबलावर एक कोरा पांढरा कागद ठेवला, आयएसओ १००, ॲपर्चर एफ २२, फोकस अनंतावर. लेन्स कागदाच्या अगदी जवळ धरली आणि शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवला. कागदावरची रेघ, सुरकुती, सगळं त्या हलण्यात पुसलं जातं. सेन्सरवर जे बसलंय ते सेन्सरबरोबरच हलतं, त्यामुळे तेवढंच स्पष्ट उमटतं. भाच्यानं तो फोटो पडद्यावर घेतला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला. पांढऱ्या ताटात तीळ सांडावेत तसे ठिपके उठून आले. एक वाकडा केसासारखा तंतू. खाली एक फिकट कडं. आणि वर डावीकडे माझी घार.

"एकवीस," भाचा म्हणाला. "तंतू धरून बावीस."

ट्यूबलाइट आणि पणती

ठिपका आहे तर तो काही फोटोंत का दिसतो आणि काहींत का नाही, याचं उत्तर कळल्याशिवाय या कामातलं काहीच कळत नाही.

आपण ज्याला सेन्सरवरची धूळ म्हणतो ती खरं तर सेन्सरवर नसतेच. सेन्सरच्या पुढे काचेचे थर असतात. अवरक्त किरण अडवणारी गाळणी, वरून संरक्षक काच. धूळ बसते ती या सर्वांत बाहेरच्या काचेवर. तिच्यात आणि प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागात थोडं अंतर राहतं. म्हणजे फोटोत दिसतो तो धुळीचा कण नसून त्याची मागे पडलेली सावली असते.

सावलीचं वागणं आपण रोज पाहतो. ट्यूबलाइटखाली भिंतीपासून थोडा दूर हात धरा, सावली इतकी विरलेली पडते की बोटं मोजता येत नाहीत. तोच हात पणतीपुढे धरा, पाचही बोटं काळीभोर उमटतात. उजेडाचा उगम रुंद असला की सावली पसरून फिकी होते, बारीक असला की आवळून गडद होते. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं तिचं भोक, हेच करतं. चेहरा टिपताना आपण ते सताड उघडतो, एफ २.८ किंवा त्याहून मोठं, ती ट्यूबलाइट. निसर्गदृश्य टिपताना पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं नेमकं यावं म्हणून एफ १६ करतो, ती पणती.

समजा, कण आणि सेन्सर यांत दोन मिलिमीटरचं अंतर आहे आणि कण ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा आहे. एफ २.८ ला एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा झोत त्या काचेपाशी सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद असतो. कण त्यातला अर्धा टक्का प्रकाश अडवतो, डोळ्याला काही कळत नाही. एफ १६ ला तोच झोत ०.१२५ मिलिमीटरचा होतो आणि तोच कण सहावा हिस्सा प्रकाश खातो. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर, ज्याचा एकेक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो, ती सावली पंचवीस-तीस पिक्सेल रुंदीची पडते. निळ्या आभाळात एवढी पुरते घार व्हायला.

म्हणून लग्नाचे फोटो काढणारा माणूस वर्षभर धुळीनं भरलेला सेन्सर घेऊन फिरतो आणि त्याला पत्ता नसतो. मांडवात सगळं काम मोठ्या ॲपर्चरवर. मग कधीतरी नवरा-नवरीला घेऊन भर उन्हात समुद्रकिनारी जातो, ॲपर्चर लहान करतो, आणि रात्री घरी आभाळभर ठिपके मोजत बसतो.

काकांनी पडद्यावरच्या घारीवर बोट ठेवलं, मग कॅमेऱ्याचं तोंड स्वतःकडे करून आतल्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे दाखवलं. "ती इथं बसलीय. लेन्स चित्र उलटं पाडते. फोटोत वर, तर आत खाली. समोरून बघताना डावं डावीकडेच राहतं. हे डोक्यात पक्कं नसेल तर माणूस नको तिथं घासत बसतो."

फिल्म पुढे सरकायची

काकांना विचारलं, फिल्मच्या काळात हे दुखणं नव्हतं का?

धूळ तेव्हाही होती. पण खटका दाबून लिव्हर ओढलं की वापरलेली फिल्म पुढे सरकायची आणि तिच्यावर बसलेला कण तिच्याबरोबर रिळात गुंडाळला जायचा. पुढच्या फोटोला कोरा करकरीत तुकडा समोर. छत्तीस फोटो, छत्तीस नवे पृष्ठभाग. फार तर एखादा कण फिल्मला ओरखडा पाडत जायचा आणि निगेटिव्हभर रेघ यायची. बाकी धुळीचा त्रास डार्करूममध्ये, एन्लार्जरखाली. प्रिंटवर पांढरा ठिपका आला की बारीक कुंचल्यानं शाई टेकवून तो बुजवायचा.

डिजिटल कॅमेऱ्यात एकच पृष्ठभाग आयुष्यभर पुरवायचा असतो. पहिल्या फोटोपासून लाखाव्या फोटोपर्यंत तीच काच. तिच्यावर बसलेलं काही आपोआप पुढे सरकत नाही. त्यात काम करणाऱ्या सेन्सरभोवती स्थिर विजेचा भार तयार होतो, तो धूळ ओढून घेतो.

त्यातही आरसा असलेल्या जुन्या एसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि बंद शटर असे दोन पडदे असायचे. आताच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर सरळ आपल्याकडे बघत असतो, उघड्या डोळ्यासारखा. कॅननच्या २०१८ सालच्या ईओएस आर या कॅमेऱ्यात बंद केल्यावर शटर मिटतं, तशी सोय पुढे इतरांनीही काही बॉडींत दिली. मात्र शटरची पाती सेन्सरच्या काचेपेक्षा नाजूक असतात. मिटलेल्या शटरवर जोरात हवा मारली तर धुळीपेक्षा मोठं काम निघतं.

या उघडेपणाचा धडा मी वाखरीजवळ बाजीराव विहिरीच्या गोल रिंगणात घेतला. त्या आषाढात पाऊस लांबला होता. माउलींचा अश्व धावू लागला तशी जमीन उठली. घोड्यांनी फेऱ्या पुऱ्या केल्यावर वारकरी मैदानात धावले, टापांखालची माती उचलून कपाळाला लावू लागले. मला ते हात जवळून हवे होते. मी तिथंच उभ्या उभ्या लेन्स बदलली. सेन्सरवर एक कण चमकताना दिसला आणि काही विचार न करता मी तोंडानं फुंकर मारली.

फुंकरीबरोबर थुंकीचे अतिसूक्ष्म थेंब जातात. ते वाळले की काचेवर कडी उमटतात. त्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतच्या प्रत्येक आभाळात ती कडी आहेत. घरी परतल्यावर जवळच्या एका दुकानात कॅमेरा दिला, तिथं लेन्स पुसायच्या फडक्यानं काच पुसली गेली आणि कड्यांचे फराटे झाले. ते फोटो मी अजून कुठं छापायला दिलेले नाहीत. कपाळाला माती लावणारे ते हात मात्र चांगले आले आहेत, म्हणून जपून ठेवलेत.

भंडारा, फुफाटा, धूर

धूळ म्हणजे एकच वस्तू असं आपण धरून चालतो. काका ठिपका बघून कुठली ते ओळखतात, निदान कुठल्या जातीची ते.

सुकी धूळ सगळ्यांत गरीब. तिचे ठिपके ओबडधोबड, कडेनं तुटक. ताडोबात एप्रिल-मेच्या उन्हात जिप्सींची रांग लागली की पुढच्या गाडीचा फुफाटा मागच्या गाडीतल्या कॅमेऱ्यावर बसतो. तिथं मुरलेले लोक लेन्स बदलतच नाहीत. दोन बॉडी, दोन लेन्स, दोन्ही सकाळी खोलीतच जोडलेल्या. तरी लांबवर पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि त्या हवेबरोबर जंगलाचा रस्ता थोडा थोडा आत येतो.

दुसरी चिकट. यात परागकण येतात; काससारख्या पठारावर फुलांच्या दिवसांत लेन्स बदलली की हमखास. दमट हवेत बसलेली साधी धूळही काही महिन्यांनी काचेला धरून बसते. कोकणातून येणाऱ्या कॅमेऱ्यांना काका आधी लेन्सच्या बुरशीसाठी तपासतात, मग धुळीकडे वळतात. "लोक कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवतात," ते म्हणाले. "मोबाइल भिजला की ठेवतात ना, तसा. तांदळाचं पीठ असतं, ते सगळं आत जातं. साधा घट्ट झाकणाचा डबा घ्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आत आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर राहील असं बघा. चामड्याच्या केसमध्ये तर पावसाळ्यात ठेवूच नका."

तिसरी तेलकट. हिचे ठिपके गोल, गुळगुळीत, कधी मधोमध फिकट. शटरच्या यंत्रणेला लावलेलं वंगण उडून येतं. आता यात लग्नातल्या धुराची भर पडली आहे. नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धुराचं यंत्र आणि गार फटाक्यांचे फवारे लागतात. त्या यंत्रातला धूर ग्लायकॉलचा किंवा ग्लिसरीनचा, त्याचा पातळ ओशट थर सगळ्यावर बसतो आणि त्यावर पुढची धूळ चिकटते.

आणि भंडारा. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा गड, पायऱ्या, माणसं, हवा सगळं पिवळं होऊन जातं. फोटोग्राफर कॅमेऱ्याला स्वयंपाकघरातला चिकट प्लास्टिकचा पापुद्रा गुंडाळतात, फक्त लेन्सचं तोंड मोकळं. तरी हळद शिरतेच. हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतो. आणि सेन्सर पुसायचे बरेचसे द्राव अल्कोहोलचे असतात. म्हणजे हळदीचा कण न उडवता थेट सफाईची ओली काडी फिरवली, तर एका कणाचा काचभर पिवळा पट्टा होतो.

काकांनी खणातून एक प्लास्टिकची पुडी काढून दाखवली. आत वापरलेली काडी, टोक केशरी-पिवळं. मागच्या सोमवतीनंतर आलेल्या एका कॅमेऱ्याची. "मालकानं घरी पुसला होता. चार काड्या लागल्या मला पट्टा काढायला. ही पहिली. येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला दाखवतो."

काडी

आता माझ्या कॅमेऱ्याची पाळी आली.

बॅटरी काढून त्यांनी पूर्ण भरलेली घातली. साफसफाईच्या मोडमध्ये शटर उघडं धरून ठेवायला वीज लागते. मध्येच बॅटरी मेली तर शटर मिटतं, आणि आत काडी असेल तर पाती वाकतात. हीच गोष्ट बल्ब मोडवर बोटानं शटर दाबून करणारे लोक आहेत. बोट निसटलं की संपलं.

मग कॅमेरा तोंड खाली करून डोक्याच्या वर धरला आणि रबरी फुंकणीनं हवा मारली. पहिले दोन फुत्कार बाजूला, फुंकणीतलीच धूळ झटकायला. मग आठ-दहा जोरदार आत, नळी माउंटच्या आत न जाऊ देता. तोंड खाली, कारण सुटलेला कण खाली पडला पाहिजे. दाबलेल्या हवेचे डबे मिळतात, ते इथं वर्ज्य. त्यातला द्रव अतिथंड फवाऱ्यानं काचेवर येतो आणि डाग ठेवतो.

पुन्हा कागदाचा फोटो. बावीसचे आठ झाले. तंतू गेला होता.

"बघा," काका म्हणाले, "पुष्कळांचं इथंच संपतं. घरी बसून एवढंच करावं माणसानं."

उरलेल्या आठांसाठी त्यांनी भिंग घेतलं. सेन्सरच्या तोंडावर बसणारं, कडेनं छोटे दिवे असलेलं. मलाही बघू दिलं. आडव्या उजेडात काच विजेरी मारलेल्या रात्रीच्या तळ्यासारखी दिसते, निळी-जांभळी, आणि तिच्यावर एकेक कण पेटलेला. माझी घार एक वेडावाकडा स्फटिक निघाली, कडेला सोनेरी. पाच कण त्यांनी चिकट टोकाच्या दांडीनं उचलले: जेलचा छोटा चौकोन काचेवर नुसता टेकवायचा, घासायचं नाही, उचलायचा, आणि सोबतच्या चिकट कागदावर ठसा देऊन साफ करायचा. घार अशी गेली.

दोन कण धरून बसले होते, शिवाय ते फिकट कडं. त्यांच्यासाठी काडी.

फुलफ्रेमसाठी काडी २४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे सेन्सरच्या बरोबर उंचीएवढी. एका ओढीत सगळी काच आली पाहिजे. धूळरहित खोलीत पॅक केलेली, एकेक पाकिटात. काकांनी पाकीट फोडलं, टोकाला दोन थेंब टाकले आणि थांबले. द्राव टोकभर पसरू द्यायचा. जास्त ओलं राहिलं तर कडेला थेंब साचतो आणि काचेच्या फटीत उतरतो. भाचा पडद्यापासून उठून बाजूला उभा राहिला. कुणी बोललं नाही. काडी डाव्या कडेला टेकली, किंचित कललेली, आणि एका श्वासात उजव्या कडेपर्यंत गेली. उचलली, उलटी केली, कोऱ्या बाजूनं उजवीकडून परत डावीकडे. काडी कचऱ्यात.

दोन ओढी. तेवढंच. काचेवर ओलेपणाचा एक पट्टा इंद्रधनुष्यासारखा चमकला आणि माझ्या डोळ्यांदेखत कडेकडून आत उडत गेला.

मी विचारलं, हात किती दाबता? त्यांनी माझा तळहात उलटा धरला आणि त्यावर कोरडी काडी ओढून दाखवली. मोरपीस फिरवावं त्याहून थोडी जास्त. हल्लीच्या बऱ्याच बॉडींत सेन्सर चुंबकांवर तरंगता असतो, हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून. तिथं दाब पडला की सेन्सरच सरकतो. हात आणखी हलका लागतो. काडीच्या वापरलेल्या बाजूनं दुसरी ओढ घेणं ही सगळ्यांत मोठी चूक. पहिल्या ओढीत उचललेला वाळूचा कण दुसऱ्या ओढीत काचेवरून नांगरासारखा फिरतो.

एखादी काडी वाचवायला बघणारं गिऱ्हाईक काका परत पाठवतात. मला त्यांचं ते वागणं पटलं.

थरथरणारी काच

कॅमेरा स्वतःच धूळ झटकेल ही कल्पना ऑलिंपसनं २००३ साली ई-१ या कॅमेऱ्यात आणली. सेन्सरपुढची पातळ गाळणी अल्ट्रासॉनिक गतीनं थरथरवायची, कण सुटून खाली पडायचे आणि तिथल्या चिकट पट्टीवर अडकायचे. २००६ मध्ये कॅनननं ४००डी मध्ये अशी सोय दिली आणि पुढे ती सगळीकडे आली. ही थरथर सुक्या धुळीला पुरते. चिकट आणि तेलकट धुळीपुढे तिचं काही चालत नाही.

आणि धूळ बाहेरूनच येते असंही नाही. निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ साली आला आणि जगभरचे फोटोग्राफर तक्रार करू लागले की फोटोच्या वरच्या डाव्या बाजूला ठिपके जमतात, साफ केले तरी पुन्हा येतात. पुढच्या वर्षी डी६१० आला, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत निकॉननं डी६०० ची तपासणी, सफाई आणि गरज पडल्यास शटर बदलणं मोफत करून देण्याचं जाहीर केलं. कुठलाही नवा कॅमेरा सुरुवातीच्या दिवसांत थोडंफार वंगण, धातूचा कीस सोडतोच. लेन्सची कडी माउंटवर फिरते, पितळ झिजतं. म्हणून नवा कॅमेरा घेतल्यावर पहिली सफाई लवकर करावी, हा काकांचा सल्ला.

जो साफ करत नाही त्याचं काम कुणीतरी दुसरा करत असतो. कोल्हापुरात एका अल्बम डिझायनरशी बोलले. रात्री बाराला तो एका लग्नाचे बाहेरचे फोटो घेऊन बसला होता, आणि एका फोटोतले ठिपके बुजवून तीच दुरुस्ती पुढच्या शंभरांवर चढवत होता. आभाळात ते नीट बसतं. पुढच्या फोटोत त्या जागी नवरीचा गाल असला की थांबून हातानं करावं लागतं. "फोटोचं ठीक आहे ताई," तो म्हणाला. "व्हिडिओत काय करायचं? कॅमेरा फिरतो, सगळं मागे सरकतं आणि ठिपका जागेवर. डोळा त्याच्यावरच जातो."

न पुसता

धुळीशी वागण्याची आणखी एक रीत मला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शिकलेल्या एका मैत्रिणीकडून कळली. पुण्याच्या उत्तरेला गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या कॅमेऱ्यात डिटेक्टर निर्वात डब्यात, अतिशय थंड ठेवलेला असतो. खिडकीवर नाहीतर गाळणीवर कण बसला म्हणून कुणी रोज उठून तो उघडत नाही.

ते काय करतात, तर संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर, तारे उगवायच्या आत, सारख्या उजळ आभाळाचा फोटो घेतात. काकांच्या पांढऱ्या कागदाचंच हे भावंड. त्यात धुळीच्या सावल्या येतात. दुर्बिणीच्या मुख्य आरशापुढे मधोमध दुसरा छोटा आरसा असतो, त्यामुळे त्या सावल्या ठिपक्यासारख्या न दिसता मेदूवड्यासारख्या, मध्ये भोक असलेल्या दिसतात. मग रात्रीच्या प्रत्येक चित्राला त्या कोऱ्या चित्रानं भागायचं. जिथं धुळीनं दहा टक्के प्रकाश खाल्ला तिथं तेवढा हिशोबानं परत मिळतो. कड्याच्या आकारावरून कण डिटेक्टरपासून किती दूर बसलाय तेही काढता येतं. अट एकच, रात्रभर तो कण हलता कामा नये.

कॅनन आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत अशीच धुळीचा नकाशा घेऊन ठेवायची सोय आहे. मी विचारलेल्या फोटोग्राफरांपैकी एकालाही ती वापरल्याचं आठवलं नाही.

हलत नसलेली धूळ ओळखपत्रासारखीही असते. दिरिक, सेंजार आणि मेमन या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की ठिपक्यांच्या जागांवरून एखादा फोटो कुठल्या एका विशिष्ट एसएलआर कॅमेऱ्यातून निघाला हे ताडता येतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर धूळ त्याच जागी बसलेली नसते.

आतला

काडीनंतरचा फोटो पडद्यावर आला. पांढरा. भाच्यानं कॉन्ट्रास्ट ताणला, चारी कोपरे फिरवले. उजवीकडे खाली एक बारीक ठिपका उरला होता. बाकीच्यांपेक्षा लहान आणि कडेनं धारदार.

मी म्हटलं, "एक काडी अजून?"

काकांनी उत्तर न देता ॲपर्चर एफ ८ वर आणलं आणि पुन्हा कागद टिपला. ठिपका तसाच, किंचित फिका. आधीच्या कणांपैकी एकही एफ ८ ला एवढा स्पष्ट दिसत नव्हता.

"हा आतला आहे," ते म्हणाले. "काचेच्या खाली. सेन्सरच्या इतका जवळ की सावली पसरायला जागाच नाही. कॅमेरा जोडताना गेला असणार. काच खोलली तर निघेल, पण खोलताना माझ्या या खोलीत आणखी चार आत जातील. याला हात लावायचा नाही."

त्यांनी बॉडीला झाकण लावलं. झाकणही आधी फुंकणीनं झटकून. पावतीवर लिहिलं: "सेन्सर सफाई, १ काडी. उजवीकडे खाली १ आतील, सोडला."

रात्री घरी येऊन हरिश्चंद्रगडाचे फोटो पुन्हा उघडले. उजवीकडे खाली सगळीकडे कातळ होता, काळा, खरबरीत. ठिपका त्यात बुडून गेलेला. मग या कॅमेऱ्यानं काढलेला पहिला फोटो शोधला. खोकं उघडून, बॅटरी चार्ज होईपर्यंत धीर न धरता, आजोळच्या अंगणात काढलेला. दुपारचं ऊन, एफ ८. आजी पायरीवर बसून लसूण सोलते आहे.

मोठा करून पाहिला. आजीच्या पांढऱ्या लुगड्यावर, निऱ्यांच्या जरा वर, तो होता.